चार बोटांचा फरक

गाडी रस्त्यावर आडवी फिरली तेव्हा मांडीवरच्या डब्याची सुतळी सुटली, झाकण निसटलं आणि तिळाचे लाडू गाडीभर उडाले. एक माझ्या गालावर आपटला. ते अजून आठवतं, कारण तेवढंच दुखलं. माझी सून वैशाली स्टिअरिंग एका बाजूला फिरवत होती आणि गाडीचा मागचा भाग भलत्याच बाजूला निघाला होता, कुणीतरी मागून धरून ओढावं तसा. समोरच्या काचेत आधी रस्त्याकडेचं बर्फ आलं, मग झाडं आली, मग आम्ही ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता आला, आणि त्या रस्त्यावरून आमच्याकडे तोंड करून एक निळा ट्रक येत होता. ट्रकवाल्याने भोंगा दाबला तो सोडलाच नाही. वैशाली ओरडली नाही. ती नुसतं "नाही, नाही, नाही" असं हळू म्हणत होती, हट्टी पोराला समजावतात तसं. मागच्या सीटवर माझी नात रिया होती. तिचा आवाज येत नव्हता आणि मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो म्हणतात. मी घेतलं नाही. माझ्या मनात एकच गोष्ट होती. मागचं उजवं चाक. मला माहीत होतं.

ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या चाकांनी उडवलेला बर्फाचा चिखल आमच्या काचेवर थापला गेला आणि काही दिसेनासं झालं. त्या अंधारातच गाडी आणखी अर्धी फिरली, रस्ता सोडून जाण्या-येण्याच्या रस्त्यांच्या मधल्या खोलगट जागेत उतरली, बर्फात नाक खुपसून थांबली. मग टिक टिक टिक असा आवाज यायला लागला. वैशालीचा हात लागून वळायचा दिवा सुरू झाला होता. आता कुठे वळायचं होतं कोण जाणे. दुपारचे दोन वाजले होते, ऊन लख्ख होतं. मिनेसोटाच्या जानेवारीत ऊन असलं की थंडी जास्त असते.

"रिया," मी समोरच बघत म्हणाले, "हात हलव."

"हलतोय, आजी."

"पाय हलव."

"हलतोय. आजी, आर वी डेड?"

"मेलेल्याचे पाय हलत नाहीत."

मग मी वैशालीकडे बघितलं. तिने स्टिअरिंग सोडलं नव्हतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. बोटं गार आणि कडक झाली होती. आम्ही दोघी काळ्या साड्या नेसलो होतो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघालो होतो. साड्यांवर जाड कोट, पायात बर्फाचे बूट आणि सगळीकडे तीळ. तिच्या केसांतसुद्धा तीळ होते. ते मी वेचायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

माझ्या लहानपणाबद्दल लिही म्हणून माझा मुलगा नितीन माझ्या मागे लागला आणि मी ही वही धरली. लहानपण मागच्या पानांत आलंच आहे. मग माझ्या वयाच्या सत्तरीतली अमेरिकेची गोष्ट मध्येच कशाला, असं कुणाला वाटेल. पण मी लहानपणी जिथे अडकले तिथून सुटले ती या गोष्टीत. म्हणून ती इथेच लिहिते. चौथी शिकलेल्या बाईने कुठली गोष्ट कुठे लिहावी, हे शिकलेल्यांनी सांगू नये.

माझा बाप बैलगाडीची चाकं करायचा. लाकूडकामही तोच करी आणि लोखंडाचंही. घराला लागूनच भट्टी होती. भाता ओढल्याचा फुसफुस आवाज सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात यायचा, मग ऐरणीवरचा ठोका, आणि त्या दोन्हींच्या मध्ये आईचं भाकरी थापणं. ठोका बंद पडला की आई म्हणायची, "चला, भूक लागली त्यांना." ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाचा ठेचा. बापाच्या बोटांचा कोळसा भाकरीला लागायचा आणि तो तसाच खायचा. लाकडी चाकावर लोखंडाची गोल पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. आधी चाकाचा घेर सुतळीने मोजायचा, सुतळीला गाठ मारायची, त्या मापापेक्षा दोन बोटं कमी लोखंड कापून त्याची कडी करायची. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची म्हणजे ती फुगते. मग चार जणांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज होई, वाफेने अंगण भरून जाई, आणि धाव आवळून चाकाला अशी धरी की चाक मोडेल पण धाव निघायची नाही. दोन्ही चाकांचा घेर सारखा पाहिजे. बाप म्हणायचा, बैलाला बोलता येत नाही, एक चाक लहान असलं तर त्याचा खांदा रोज झिजेल आणि तो कुणाला सांगणार.

सुतळी धरायचं काम माझं होतं. शाळा सुटली, चौथी झाली होती, भावंडं लहान होती. बापाच्या हाताला घट्टे पडलेले, त्याला बारीक गाठ मारता येत नसे. माझी गाठ पक्की असे. सुतळी कोरडी ठेवायची एवढाच नियम होता, कारण ओली सुतळी आखडते आणि वाळली की लांबते.

मी दहा वर्षांची असताना एका दिवशी ती माझ्या हातून पाण्याच्या पिंपात पडली. गंगाराम नावाच्या गाडीवानाचं चाक होतं. सुतळी वाळेपर्यंत थांबायचं म्हणजे जेवण लांबणार. मी ती पिळली, परकराला पुसली आणि ओल्यानेच माप घेतलं. बापाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बापाने त्या मापाने लोखंड कापलं. तोवर सुतळी वाळून लांबली होती. धाव चढवताना ती जराशी सहज बसली. बापाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. चार दिवसांनी ओढ्याच्या उतारावर ती धाव निघाली, चाक फाकलं, भरलेली गाडी कलंडली. गंगारामने उडी मारली म्हणून त्याला काही झालं नाही. बैलाचा पाय मोडला. बाप मला रागावला नाही, मारलंही नाही. फक्त त्यानंतर त्याने सुतळी माझ्या हातात कधी दिली नाही. मेहुण्याला बोलावून घ्यायचा, तो नसला तर स्वतःच खटपट करायचा. मी तिथेच बसलेली असायची. तेव्हापासून मी एक ठरवलं की चाकाच्या बाबतीत आपण तोंड उघडायचं नाही.

आता गाडीचं सांगते. आम्ही मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात राहायला आलो तेव्हा आमच्या घरात एक गादी आणि तीन बॅगा होत्या. पहिल्या संध्याकाळी दारात पाटणकर उभे राहिले, मराठी मंडळातले, निवृत्त, आमच्याहून तीस वर्षं आधी आलेले. हातात वरणभाताचं पातेलं, मागे त्यांची बायको लोणच्याची बाटली घेऊन. त्यांनी आम्हाला थंडीचे कोट दिले, कुकर दिला, नितीनला लायसनच्या परीक्षेला स्वतः नेलं. रियाला त्यांनी पहिल्यांदा बर्फात घसरगुंडीवर बसवलं. दोन वर्षांनी ते गुडघ्यांमुळे गरम हवेच्या गावी मुलाकडे जायला निघाले तेव्हा म्हणाले, "माझी गाडी तुम्हीच घ्या. जुनी आहे, पण घरची आहे." वैशालीला नवी नोकरी लागली होती, एका प्रयोगशाळेत, जाऊन येऊन चाळीस मैल. गाडी हवीच होती.

बाहेरच्या माणसाची गाडी घेताना इथले लोक ती आधी गॅरेजमध्ये दाखवतात. आम्ही दाखवली नाही. वैशालीने एकदा विषय काढला, तर नितीन म्हणाला, "काकांची गाडी चेक करायची? त्यांना काय वाटेल, यार?" तिलाही ते पटलं. मलाही पटलं. ज्यांनी पहिल्या दिवशी आपल्याला जेवू घातलं, त्यांच्या गाडीखाली दिवा घेऊन कोण शिरणार?

मे महिन्यात घरासमोर गाडीची पूजा केली. नारळ, फुलं, चाकाखाली लिंबू. चाकांना कुंकू लावायचं काम मी घेतलं, घरात वयाने मोठी म्हणून. गुडघे दुखत होते, तरी एकेका चाकापुढे बसले. म्हणून मला दिसलं. उभ्या माणसाला चाक दिसत नाही, नुसती गाडी दिसते. पुढच्या दोन टायरांची नक्षी खोल आणि एकसारखी होती. मागच्या डाव्याची नक्षी वेगळी, सरळ रेघांची. मागचं उजवं चाक मला बसल्या जागीच खुजं वाटलं. टायरवर आकडे लिहिलेले असतात, इंग्रजी आकडे मला वाचता येतात. बाकी तीन टायरांवर २१५ लिहिलं होतं, या उजव्यावर २०५. वरचं चांदीच्या रंगाचं झाकण मात्र चारी चाकांना सारखं होतं, म्हणून कुणाला कळलं नसावं. माझं कुंकवाचं बोट तिथेच थांबलं. मागून पाटणकर म्हणाले, "वहिनी, इकडे बघा, फोटो काढतो." त्यांच्या बायकोने पेढे आणले होते. नितीन हसत होता, वैशाली नवी साडी नेसली होती. मी मनात म्हटलं, अमेरिकेतल्या गाड्यांचं असंच असेल. मी बोट टेकवलं, कुंकू लावलं आणि फोटोसाठी वळले. तो फोटो अजून भिंतीवर आहे. त्यात मी हसते आहे.

त्या दिवसापासून मला भीती बसली ती जाईना. वैशाली सकाळी निघाली की मी खिडकीत उभी राहायची. गाडी वळणावर जाईपर्यंत मागचं उजवं चाक बघायची. कधी मी तिच्याबरोबर किराणा आणायला गेले की मागून एक बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा, वेग वाढला की वाढायचा. तो आवाज घरी आल्यावरही माझ्या कानात राही, फ्रिजचा आवाज आला तरी मी दचकायची. समोर काट्यांच्या पाटीवर एक पिवळा दिवा कायम पेटलेला असे. वैशाली म्हणायची, "आई, तो असाच आहे. सेन्सर खराब आहे म्हणाले काका."

नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडलं तेव्हा मी जेवताना म्हणाले, "गाडीचा आवाज येतो."

"रस्त्याचा आहे हो आई तो. इथे काँक्रीट असतं ना."

"मागून येतो."

नितीन हसला. "आई, तुला विमानातसुद्धा आवाज येत होता. पंख सैल आहे म्हणालीस. एअर होस्टेसला बोलावलंस."

"आजी वॉज सो फनी," रिया म्हणाली, आणि सगळे हसले. मी वाढायला उठले. चाक वेगळं आहे, मी आकडे वाचलेत, असं एक वाक्य बोलायचं होतं. ते आलं नाही. आवाज येतो म्हणणं वेगळं आणि चाक चुकलंय म्हणणं वेगळं. दुसरं म्हटलं की लोक विचारतात, तुला काय कळतं चाकातलं? आणि मग मला सांगावं लागलं असतं.

नितीन त्या संक्रांतीला कामासाठी दुसऱ्या राज्यात गेला होता. गाडीला दोर लावून आम्हाला बर्फातून काढलं ते पोलिसाने बोलावलेल्या माणसाने. पोलीस तरुण होता. त्याने माझ्या काळ्या साडीकडे बघून वैशालीला हळूच विचारलं की तुम्ही कुणाच्या मयताला निघाला होतात का. वैशालीने नाही म्हटलं आणि तेव्हा कुठे ती रडली. गाडी ओढून नेली ती हायवेजवळच्या एका गॅरेजमध्ये. गॅरेज एका बाईचं होतं, पन्नाशीची, जाडजूड, नाव कार्ला. तिच्या बोटांच्या पेरांत काळं बसलेलं होतं. माझ्या बापाच्या होतं तसंच.

तिने गाडी वर उचलली, चारी बाजूंनी फिरली आणि मागच्या उजव्या चाकाचं ते चांदीचं झाकण उपटून काढलं. आत काळं लोखंडी चाक निघालं. बाकीची तीन पांढऱ्या धातूची होती. ती बराच वेळ बोलत होती. वैशालीचं लक्ष लागत नव्हतं, ती नुसती मान हलवत होती. रियाने मला सांगितलं, "आजी, ती म्हणते हे व्हील या कारचं नाहीच आहे. दुसऱ्या कुठल्यातरी कारचं आहे. आणि टायर स्मॉल आहे. आणि ते दुसरं मागचं समरचं आहे, थंडीत ते प्लॅस्टिकसारखं हार्ड होतं. म्हणून पुढची चाकं रोडला धरतात आणि मागची नाही धरत."

"आणि तो दिवा?"

रियाने विचारलं. कार्लाने हाताने दाखवलं, एक चाक एवढं फिरतं, एक चाक तेवढं. लहान चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडीतला कॉम्प्युटर फेरे मोजतो. मोजणी जुळत नाही म्हणून त्याने दिवा लावला आणि घसरताना ब्रेक सांभाळायचं काम सोडून दिलं. सेन्सर चांगला होता. आठ महिने तो दिवा तेच सांगत होता.

"कुणी बघितलं कसं नाही?" वैशाली म्हणाली. "एवढं वेगळं चाक, कुणालाच कसं दिसलं नाही?"

मी म्हणाले, "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"चाक वेगळं आहे ते. पूजेच्या दिवशी. आकडेही वाचले."

"आई, पूजा मे महिन्यात झाली."

"हो."

"आता जानेवारी आहे."

"हो."

"मी रोज चाळीस मैल जाते. रियाला मागे बसवून स्विमिंगला नेते. आणि तुम्ही रोज माझ्या हातात डबा देऊन दारातून टाटा करत होता?"

मी पुन्हा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सुतळी, पिंप, गंगाराम, हे सगळं तेव्हा सांगितलं असतं तर ती सबब झाली असती. वैशाली माझी सून आहे, मला अहो-जाहो करते, आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. ती बाहेर गेली आणि उणे वीस अंशांत कोट न घालता उभी राहिली. रिया कोट घेऊन धावली. कार्लाला भाषा कळली नव्हती, पण बाकी कळलं असावं. तिने मला कागदाच्या पेल्यात काळी कॉफी आणून दिली. फार कडू होती. मी सगळी प्यायले.

तीन दिवस गाडी तिथेच होती. कार्लाने मोडीत निघालेल्या त्याच जातीच्या गाडीची चार चाकं मिळवली आणि त्यांवर चार नवे, बर्फात धरणारे टायर चढवले. त्या तीन दिवसांत वैशाली माझ्याशी कामापुरतं बोलली. मैत्रिणीच्या गाडीतून कामाला जायची, आणि त्या गाडीतही मागे बसायची. घरी आली की हात मांडीखाली दाबून बसायची. मला वाटलं ते माझ्यावरच्या रागाने. मग एकदा ती रियाचं दप्तर उचलायला वाकली आणि मला दिसलं की तिचे हात अजून थरथरतात. त्या हातांनी तिला पुन्हा तीच गाडी चालवायची होती, रोज, मार्चपर्यंत बर्फात. नोकरी सोडते, असं ती नितीनला फोनवर म्हणत होती. हळू म्हणत होती, पण मला सगळं ऐकू येतं. फक्त ऐकलेलं मी बोलत नाही, हा माझा रोग.

गाडी आणायला आम्ही तिघी गेलो. मैत्रिणीने दारात सोडलं आणि ती निघून गेली. वैशाली पैसे देऊन आली, किल्ली हातात घेतली आणि गाडीपासून चार पावलांवर थांबली. पुढे जाईना. कार्ला म्हणाली, सगळं ठीक आहे. वैशाली थँक यू म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

मी पिशवीतून सुतळी काढली. लाडवांच्या डब्याला बांधलेली होती तीच, मी जपून ठेवली होती. पण त्या दिवशी येताना पिशवी बर्फात टेकली होती आणि सुतळी ओली झाली होती. मी आत जाऊन ती बसायच्या जागेतल्या हीटरवर पसरली आणि शेजारी खुर्चीत बसले.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

"वाळवतेय."

"व्हाय?"

"ओल्या सुतळीने माप चुकतं."

अर्धा तास लागला असेल. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरून कधी बसले नव्हते, ट्रक समोरून येताना सुद्धा नाही. आता मी मोजणार होते आणि चुकले तर दोघी माझ्या मापावर विसंबून रस्त्यावर जाणार होत्या. बसल्या बसल्या मी वैशालीला ओढ्याच्या उताराची गोष्ट सांगितली. तिच्याकडे न बघता सांगितली. सुतळी मी तीनदा गालाला लावून बघितली. मग उठले.

मी खुणेनेच सांगितलं, कार्लाने गाडी पुन्हा वर उचलली. हसली नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही. मी पहिल्या चाकाला सुतळी गुंडाळली, पण आता माझी बोटं वाकडी झालेली, गाठ बसेना. सुतळी दोनदा निसटली. तेव्हा मागून एक हात आला आणि सुतळीचं टोक चाकाला दाबून धरलं. वैशालीचा हात. थरथरत होता, पण धरलं घट्ट. मी गाठ मारली. दुसरं चाक, गाठ तिथेच. तिसरं, तिथेच. चौथं, मागचं उजवं, तिथेच.

"पुन्हा मोजा," वैशाली म्हणाली.

मी पुन्हा मोजली, चारही. ती प्रत्येक वेळी वाकून गाठ डोळ्याने बघत होती. रियाने कोपऱ्यात टाकलेलं ते जुनं चाक आडवं पाडून त्याला सुतळी लावली आणि ओरडली, "आजी, फोर फिंगर्स! फोर फुल फिंगर्स कमी आहे!" चार बोटं. बापाच्या अंगणात दोन बोटांवर सगळा हिशेब असायचा.

घरी येताना वैशालीने तोच रस्ता घेतला, दुसरा नव्हताच. मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या, ती चाळीसच्या वर गेली नाही. ती जागा आली. मधल्या खोलगट भागात आमच्या चाकांचे चर अजून दिसत होते, त्यांवर थोडं नवं बर्फ पडलेलं. मी दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली. रिया तोंडाने आकडे मोजत होती, का ते मी विचारलं नाही. घूं आवाज नव्हता. पिवळा दिवा नव्हता. आठ महिने ज्या आवाजाला भ्याले तो गेला, तर त्या शांततेचीही मला भीती वाटली. दारात गाडी थांबली तेव्हा वैशाली म्हणाली, "आई, यापुढे काहीही दिसलं तर बोलायचं. चुकीचं असलं तरी बोलायचं. मी हसणार नाही." मी हो म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या कोटाची चेन उसवली आहे." ती म्हणाली, "आई, प्लीज," आणि हसली.

पाटणकरांना सांगू नये असं नितीनचं मत होतं. काकांना वाईट वाटेल, म्हणाला. मी त्याच संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "भाऊ, तुमच्या गाडीची चाकं वेगवेगळी होती. आम्ही मरता मरता वाचलो." मग ते म्हणाले, "वहिनी, मी एकेक करून बदलली हो. एकदा खड्ड्यात चाक वाकलं, तिथल्या माणसाने हाताशी होतं ते लावून दिलं. घरापुरतं म्हणून लावलं, ते राहूनच गेलं. तीन हिवाळे हिला शेजारी बसवून मी तीच चालवली." आणि ते रडायला लागले. लबाडी नव्हती. मला रडणाऱ्या पुरुषाशी बोलता येत नाही. मी म्हटलं, तुमचा वरणभात आम्ही विसरलेलो नाही, आणि फोन ठेवला.

याला आता पाच वर्षं झाली. रिया सोळाची आहे आणि याच गाडीवर शिकते. माझे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून ती निघायच्या आधी स्वतः खाली बसून चारी चाकांवरचे आकडे मला मोठ्याने वाचून दाखवते. तिला ते वेडेपणाचं वाटतं, तरी वाचते. चुकून एखादा गाळला तर मी पुन्हा वाचायला लावते.

वर मी बैलाचा पाय मोडला एवढंच लिहिलं. तो वाचला नाही. गंगाराम वाचला, आणि पुढे म्हातारा होऊन मेला. मिनेसोटाच्या त्या रस्त्यावर वैशाली, रिया आणि मी होतो. आम्ही तिघी वाचलो.